गढूळ बिअरला न्याय

बसण्याआधी

गव्हाच्या जर्मन बिअरची एक बाटली, एक उंच ग्लास, कागद-पेन आणि पाऊण तासाची सवड एवढं घेऊन बसा. सोबत कुणी असेल तर चांगलंच; पण पहिली काही मिनिटं दोघांनीही बोलायचं नाही असं आधीच ठरवून घ्या. दुसऱ्याच्या तोंडून ‘केळं’ हा शब्द कानावर पडला की आपल्या नाकालाही केळंच सापडू लागतं. आपला वास आपणच शोधायचा आहे.

खोलीकडे एकदा लक्ष द्या. उदबत्ती जळत असेल, स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास येत असेल, तर दुसऱ्या खोलीत जा किंवा खिडकी उघडून थोडा वेळ जाऊ द्या. हाताला साबणाचा किंवा अत्तराचा वास राहिला असेल तर नुसत्या पाण्याने धुवा. दोन घोट साधं पाणी प्या. बाटली फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. आठ अंशांच्या आसपास ही बिअर मोकळी होते. त्याहून फार थंड असेल तर तिचा निम्मा वास ग्लासातच अडकून राहतो.

बाटली कोणतीही चालेल, फक्त ती जर्मनीतल्या बव्हेरियाच्या परंपरेतली हवी. फ्रायझिंगच्या वायहेनश्टेफानची असेल, एर्डिंगची असेल. मी हे लिहिताना केलहाइमची श्नायडर डोळ्यांसमोर ठेवली आहे. आल्टम्यूल नदी जिथे डॅन्यूबला मिळते तिथलं हे छोटं गाव. दारू वर्ज्य असेल तर याच कुळातली अल्कोहोलमुक्त बाटली घ्या. बव्हेरियात ती सर्रास प्यायली जाते, आणि पुढे जे पाहायचं, हुंगायचं, चाखायचं आहे त्यातलं बरंचसं तिच्यातही भेटेल. बाकीच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की अर्ध्या लिटरच्या या एका बाटलीत साधारण 21 ग्रॅम अल्कोहोल असतं. मननाला एक बाटली पुरेशी आहे. दोघांत वाटली तर अधिक बरी.

आता एकच पथ्य. मत द्यायचं नाही. ‘छान’, ‘बरी’, ‘नाही आवडली’ हे शब्द शेवटापर्यंत बाजूला ठेवायचे. त्यांच्या जागी प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारायचा: ही बिअर काय व्हायला निघाली आहे? इतर बिअरमध्ये ज्या गोष्टी नापास करतात, त्यातल्या कितीतरी हिच्यात मुद्दाम जपलेल्या असतात. ते कळलं नाही तर आपण दिलेलं मत दुसऱ्याच कुठल्या तरी बिअरबद्दलचं ठरतं.

बाटली हातात

बाटली उघडण्याआधी तिच्यावरचा मजकूर वाचा. कधीपर्यंत चांगली राहील याची तारीख शोधा आणि कागदावर लिहा. ही बिअर मुरवायची नसते. तिच्यातला फळासारखा वास पहिल्या काही महिन्यांतच भरात असतो, पुढे तो ओसरत जातो. बाटली मुंबईत, पुण्यात किंवा गोव्यात उघडत असाल तर तिने समुद्रप्रवास केलेला आहे, गोदामात दिवस काढलेले आहेत, कदाचित उन्हाळाही पाहिलेला आहे. पुढे काही थकलेलं, फिकं जाणवलं तर ते बनवणाऱ्याचं की वाटेचं, हा विचार करायला ही तारीख कामी येईल.

काचेचा रंग पाहा. तपकिरी असेल. हॉप या वेलीच्या फुलांमधली कडवट द्रव्यं प्रकाशाने बिघडतात आणि उग्र दर्प सुटतो. तपकिरी काच तो प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. बाटली उजेडाकडे धरून तळाशी पाहा. फिकट पांढरट साका बसलेला दिसेल. ते यीस्ट आहे. पारंपरिक पद्धतीत बाटली भरताना थोडा न आंबलेला गोड रस परत घालतात. यीस्ट त्यातली साखर खातं, आणि बाटली बंद असल्यामुळे तयार झालेला वायू बिअरमध्येच मुरतो. म्हणजे शेवटचा टप्पा भट्टीत न होता या काचेच्या आत झाला आहे.

क्षणभर बाटली तशीच धरून ठेवा. ज्याला आपण गाळ म्हणून टाकून दिलं असतं, त्यानेच हिच्यात प्राण फुंकला आहे.

ओतताना

ग्लास थंड पाण्याने विसळा. पुसू नका. ओल्या काचेवरून बिअर शांतपणे उतरते, कोरड्या काचेवर फेसाचा डोंगर उसळतो. ग्लासाचा आकारही पाहून घ्या: तळाशी जाड आणि अरुंद, वर रुंद होत गेलेला. खालचा निमुळता भाग बुडबुड्यांना लांब वाट देतो आणि वरचा रुंद भाग फेसाला जागा देतो. म्युनिकमध्ये हे ग्लास एकमेकांना लावायचे तेव्हा जाड तळ तळाला लावतात.

ग्लास तिरपा करा, जवळजवळ आडवाच. काचेच्या बाजूने बारीक धार सोडा. घाई केलीत तर लगेच कळेल, फेस वर येऊन थांबायला लावेल. हळूहळू ग्लास उभा करत न्या. बाटलीत दोन बोटं बिअर उरली की थांबा. आता बाटली गोल फिरवा, तळाचा साका त्या उरलेल्या बिअरमध्ये मिसळू द्या, आणि मग ते दाट मिश्रण फेसाच्या मधोमध ओता.

पिल्सनर पिणारा इथे चकित होईल. तिकडे स्वच्छ, पारदर्शक बिअरसाठी सगळी धडपड असते, आणि इथे तळाचा साका हलवून हलवून ग्लासात घेतला जातो. हीच पहिली जागा, जिथे आपला प्रश्न विचारायचा आहे. काय व्हायला निघाली आहे ही?

पाहताना

ग्लास टेबलावर ठेवा. हात काढून घ्या. एक मिनिट नुसतं पाहा.

रंगाला लगेच नाव देऊ नका. आधी तो एकसारखा आहे का, ते पाहा. वर फिकट, खाली गडद वाटतो का? खिडकीकडच्या बाजूने नारिंगी आणि अलीकडून तपकिरी दिसतो का? वायहेनश्टेफानची असेल तर पिवळ्या सोन्याकडे झुकलेली दिसेल; श्नायडरची मूळ बिअर मधासारखी गडद, लालसर असते. 1872 पासूनच्या कृतीवर ती बनते असं ती ब्रुअरी सांगते. गव्हाची बिअर म्हणजे पिवळीच, हा समज इथेच सोडून द्यावा लागतो.

मग गढूळपणा पाहा. तो चिखलाचा गढूळपणा नाही, त्यातून उजेड आत येतो आणि पसरतो. काही वाटा यीस्टचा, काही गव्हाच्या प्रथिनांचा. जर्मनीत या बिअरमध्ये निम्मं तरी गव्हाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, असावं लागतं. श्नायडरमध्ये ते सुमारे 60 टक्के असतं, बाकीचं जवाचं. सगळंच गव्हाचं का नाही? जवाच्या दाण्याला टरफल असतं, ते मळणीनंतरही टिकतं. दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवल्यावर याच टरफलांचा थर तळाशी बसतो आणि गोड रस त्यातून गाळला जातो. गव्हाचा दाणा उघडा असतो. नुसता गहू घेतला तर त्याचा चिकट लगदा होतो आणि रस पुढे सरकत नाही. गव्हाला ग्लासापर्यंत पोचायला जवाचा आधार लागतो.

आता फेस. पांढरा, जाड, घट्ट. तो किती उंच आहे त्यापेक्षा तो कसा खाली येतो ते पाहा. घड्याळाकडे न बघता बघा. गव्हातली प्रथिनं बुडबुड्यांच्या भिंतींना बळ देतात, म्हणून हा फेस रेंगाळतो. त्यात लिंबाची फोड टाकण्याची सवय काही ठिकाणी आहे. आज ती नको. लिंबाने फेस खचतो आणि पुढे जो वास शोधायचा आहे त्याच्यावर लिंबाचाच पडदा पडतो.

कागदावर तीन ओळी लिहा: रंग, गढूळपणा, फेस. विशेषणं कमी, दिसलेलं जास्त.

हुंगताना

ग्लास नाकाशी न्या, पण फेसात नाक बुडवू नका. छोटे-छोटे दोन श्वास घ्या. ग्लास खाली ठेवा. पुन्हा एकदा. मोठा श्वास एकदम घेतला की नाक थकतं. छोट्या श्वासांत ते नवं काहीतरी शोधत राहतं.

बहुतेकांना आधी काहीतरी गोड, पिकलेलं जाणवतं. थोडं थांबलं की त्याच्या मागून मसाल्याचा, जरासा औषधी, उष्ण वास येतो. पहिला केळ्याचा, दुसरा लवंगेचा. हे शब्द मी सांगितले म्हणून मानू नका. डोळे मिटून आधी वेलची केळ्याचा पिवळाधमक घड आठवा, मग दातदुखीवर लावायचं लवंगेचं तेल आठवा, आणि पुन्हा हुंगून पाहा. कुणाला सफरचंद सापडतं, कुणाला जायफळ, कुणाला ताज्या पावाचा आतला मऊ भाग. जे सापडेल ते लिहा. न सापडलेलं लिहू नका.

आता यावर जरा वेळ थांबू, कारण या बिअरचं सगळं रहस्य या एका श्वासात आहे. त्या ग्लासात केळं नाही. लवंगही नाही. कुठलाही अर्क, कुठलाही मसाला घातलेला नाही. पाणी, गव्हाचं आणि जवाचं माल्ट, हॉप आणि यीस्ट, एवढंच. जो वास आला तो यीस्टने घडवला.

केळ्याच्या वासाचं मुख्य द्रव्य आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. पिकत्या केळ्यातही तेच असतं, आणि साखर आंबवताना हे यीस्टही तेच बनवतं. आंबवणं वीस अंशांच्या आसपास किंवा थोडं वर झालं की ते जास्त होतं, थंडीत कमी. काही ब्रुअरी, त्यांत श्नायडरही, अजून उघड्या हौदांत आंबवतात. तिथे यीस्टवर दाब कमी असतो आणि फळांचे वास मोकळेपणाने येतात. हे यीस्ट काम करताना वर येऊन दाट साय धरतं. पिल्सनरसारख्या लागर बिअरचं यीस्ट थंडीत हळूहळू काम करून तळाशी बसतं.

लवंगेची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. धान्याच्या पेशींच्या भिंतींमध्ये फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं. दळलेलं माल्ट पाण्यात भिजवताना ब्रुअर ते काही वेळ 45 अंशांच्या जवळपास ठेवतो, तेव्हा हे आम्ल सुटून रसात उतरतं. पुढे यीस्ट त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून टाकतं आणि उरतं 4-व्हिनाइल ग्वायकॉल. खऱ्या लवंगेतल्या युजेनॉलचं ते जवळचं भावंड. म्हणजे ग्लासातली लवंग अंशांत मोजून आणलेली असते: पाणी त्या तापमानाला थांबलं नसतं तर वास फिका पडला असता.

आणि हे काम प्रत्येक यीस्टला जमत नाही. 2016 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दीडशेहून अधिक औद्योगिक यीस्टच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिअरच्या बहुतेक यीस्टमध्ये लवंगेचा हा वास घडवणारी जनुकं निकामी झालेली त्यात दिसली. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने स्वच्छ चवीचं यीस्ट निवडलं, आणि ती क्षमता हरवत गेली. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरच्या यीस्टमध्ये मात्र ती शाबूत आहे. इतर ब्रुअरींत ज्या वासामुळे अख्खा हौद ओतून द्यावा लागतो, तोच वास इथल्या माणसांनी हवाहवासा मानला आणि राखला.

पुन्हा एकदा हुंगा. लवंग आता दोष वाटते की ओळख? पिल्सनर चाखताना लवंगेचा वास आला तर परीक्षक गुण कापतो, आणि ते बरोबरच आहे. हाच परीक्षक या ग्लासात लवंग नसेल तर गुण कापतो, तेही बरोबर आहे. एकच द्रव्य, एकच नाक, आणि दोन्ही निवाडे खरे. फरक एवढाच, की समोर कोणत्या कुळाची बिअर आहे हे त्याने आधी विचारलं.

पहिला घोट

आता घोट घ्या. फार मोठा नको, फार छोटाही नको. जीभ सगळीकडून ओली होईल इतका. लगेच गिळू नका. दोन-तीन क्षण तोंडात फिरू द्या, मग गिळा, आणि नाकाने श्वास बाहेर सोडा. चवीचा मोठा भाग या उच्छ्वासात असतो.

पहिली जाणीव चवीची नसून स्पर्शाची असेल. बुडबुड्यांची टोचणी. या बिअरमध्ये वायू पिल्सनरपेक्षा ठळकपणे जास्त असतो. पण ती टोचणी बोचत नाही. तिच्या आतून काहीतरी मऊ, भरलेलं पसरत जातं. ती गव्हाची देणगी. पुढच्या घोटात फक्त या दोन स्पर्शांकडे लक्ष द्या, चव विसरून जा. टोचणी आधी की मऊपणा आधी? एकमेकांना तोडतात की सांभाळतात?

त्याच्या पुढच्या घोटात गोडवा शोधा. भाजलेल्या धान्याचा, भाकरीच्या पापुद्र्याचा, की फळाचा? बव्हेरियात अजून कित्येक ठिकाणी भिजवलेल्या माल्टचा काही भाग वेगळा काढून उकळतात आणि परत मूळ भांड्यात मिसळतात. त्या उकळण्यातून खोल, खमंग चव येते. गोडवा जिभेवर रेंगाळत राहिला आणि कोरडा शेवट आलाच नाही, तर ते लिहून ठेवा. या कुळातली चांगली बिअर गोड भासते, पण घोट संपता संपता तोंड स्वच्छ करून जाते.

मग कडवटपणा. जवळजवळ नाहीच. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही बिअर 8 ते 15 एककांच्या मध्ये बसते; जर्मन पिल्सनर 22 ते 40. आणि हे सगळं जगातल्या सर्वांत मोठ्या सलग हॉप-प्रदेशाच्या शेजारी, कारण हालरटाऊ केलहाइमच्या अगदी जवळ आहे. म्हणजे हॉपची टंचाई होती म्हणून कमी घातलं असं नाही. हॉप इथे मागे उभं राहून गोडव्याला फक्त तोल देतं. पुढे आलं असतं तर यीस्टचा आवाज ऐकू आला नसता.

कडवट बिअरची सवय असलेल्याला इथे काहीतरी उणं वाटेल. ते वाटू द्या, दाबू नका. पण लिहिताना ‘कडवटपणा कमी’ एवढंच लिहा. ‘कमी पडला’ असं लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही.

ग्लास अर्धा झाल्यावर

ग्लास खाली ठेवा. पाणी प्या. आता थोडा वेळ जिभेला विश्रांती देऊ आणि या ग्लासामागे पाहू.

23 एप्रिल 1516 रोजी इंगोलश्टाट इथे बव्हेरियाचे ड्यूक विल्हेल्म चौथा आणि त्याचा भाऊ लुडविग दहावा यांनी एक फर्मान काढलं. बिअर फक्त जव, हॉप आणि पाणी यांचीच असावी. यीस्टचा त्यात उल्लेख नाही. ते काय करतं हे समजायला पुढे साडेतीनशे वर्षं जावी लागली, पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक 1876 चं आहे. आणि गहूही त्यात नाही. गहू पावासाठी राखून ठेवावा, हे त्याचं कारण सहसा सांगितलं जातं.

त्या नियमाने समोरचा हा ग्लास बेकायदा ठरला असता. तरी तो टिकला, कारण नियम करणाऱ्यांनीच अपवादही दिले. 1548 मध्ये डेगेनबेर्ग घराण्याला गव्हाची बिअर बनवण्याचा विशेष हक्क मिळाला. 1602 मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हक्क ड्यूक माक्सिमिलियान पहिला याच्याकडे आला. लोकांना ही बिअर किती हवी आहे हे त्याने ओळखलं. ठिकठिकाणी सरकारी भट्ट्या उभ्या राहिल्या, केलहाइमची 1607 मधली. गव्हाची बिअर ही राजसत्तेची मिरासदारी झाली आणि तिच्या कमाईने तिजोरी भरू लागली.

मग आवड बदलली. एकोणिसाव्या शतकात जवाच्या, तळाशी आंबणाऱ्या बिअरने सगळ्यांना मागे टाकलं आणि गव्हाच्या बिअरला कुणी विचारेना. 1872 मध्ये गेऑर्ग श्नायडरने राजा लुडविग दुसरा याच्याकडून ती बनवण्याचा हक्क मिळवला आणि म्युनिकच्या टाल या रस्त्यावर आपली ब्रुअरी सुरू केली. राजानेही सोडून दिलेली बिअर एका ब्रुअरने उचलून धरली. पुढे 1907 मध्ये, ब्रुअरी माथिल्ड श्नायडर चालवत असताना, गव्हाची जोरकस गडद बिअर ‘आव्हेन्टिनुस’ निघाली. 1944 च्या बॉम्बवर्षावात म्युनिकची ब्रुअरी उद्ध्वस्त झाली तेव्हा काम केलहाइमला गेलं, त्याच जुन्या सरकारी भट्टीत. ती या घराण्याने 1920 च्या दशकातच घेतली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बव्हेरियात गव्हाच्या बिअरला पुन्हा बहर आला, आणि आज तिथली ती रोजची बिअर आहे. सकाळी वाइसवुर्स्ट (पांढरे सॉसेज), गोड मोहरी आणि ब्रेत्सेल यांच्यासोबत अर्ध्या लिटरचा हा ग्लास घेणारी माणसं म्युनिकला सहज दिसतात.

यावर विचार करा. जवाच्या बिअरसाठी लिहिलेल्या नियमावर हिला तोलत राहिले असते तर ही बिअर उरलीच नसती. ज्या-ज्या वेळी कुणी तिला तिच्या अटींवर पाहिलं त्या-त्या वेळी ती तगली. अर्थात त्या पाहण्यात नेहमी प्रेमच होतं असं नाही. ड्यूकच्या मनात तिजोरी होती. पण ही बिअर जवाच्या बिअरची बिघडलेली आवृत्ती नाही, ती स्वतःच काहीतरी आहे, इतकं त्यालाही कळलं होतं.

ऊब

ग्लास पुन्हा हातात घ्या. आता त्यातली बिअर दहाएक अंशांच्या वर गेली असेल. फेस खाली बसला असेल. हुंगून पाहा, आणि पहिल्या नोंदीशी ताडून पाहा.

काय वाढलं? बऱ्याचदा केळं पसरतं, लवंग गोलसर होते, धान्याची चव पुढे येते. काय मावळलं? टोचणी. आणि याच वेळी दोषही उघडे पडतात. थंडपणा त्यांना झाकून ठेवत होता.

इतका वेळ आपण दोष काढणं टाळलं. आता ते करायला हरकत नाही, कारण काही दोष कोणत्याही कुळात दोषच असतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर प्राणवायूने आणि उष्णतेने जुनी झाली आहे. उग्र, कुबट दर्प आला तर तिला ऊन लागलं आहे. मांसाच्या रश्शासारखी किंवा सोया सॉससारखी चव आली तर तळातलं यीस्ट मरून फुटलं आहे. केळं आणि लवंग दोन्ही गायब असतील आणि उरला असेल नुसता गोडसर सपाटपणा, तर बहुधा वेळ निघून गेलेली आहे. सुरुवातीला लिहिलेली तारीख आता पाहा. असा ग्लास समोर असेल तर ब्रुअरीला नापास करण्याआधी तीच बिअर ताजी मिळते का ते पाहणं न्यायाचं. आता पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमध्ये हेफेवायझेन ही याच कुळातली बिअर तिथेच बनते आणि नळातून थेट ग्लासात येते. जर्मन बाटलीशी तिची बरोबरी करायची म्हणून नाही, तर ताजेपणा कसा लागतो हे जिभेला कळावं म्हणून ती चाखावी.

आणखी एक तुलना मनातून काढून टाकावी लागते. आपल्याकडे गव्हाची बिअर म्हणजे धणे आणि संत्र्याची साल, अशी अनेकांची ओळख आहे. ती बेल्जियमची परंपरा. तिथे कच्चा गहू वापरतात आणि मसाला खरोखरच घालतात. हूगार्डन गावात पिएर सेलिसने 1960 च्या दशकात ती परंपरा पुन्हा जिवंत केली. तीही सुंदर आहे. पण तिच्यातलं संत्रं या ग्लासात शोधून निराश होणं म्हणजे भैरवी ऐकताना यमनाचा तीव्र मध्यम का लागला नाही म्हणून रुसणं.

शेवटचे दोन घोट बाकी ठेवा.

मत लिहिताना

आता कागद पुढे ओढा. मत देण्याची वेळ आली आहे, आणि ते द्यायलाच हवं. नुसतं पाहत राहणं आणि काहीच न ठरवणं हाही ग्लासावर अन्यायच. कुणीतरी मेहनतीने बनवलेल्या वस्तूला उत्तर मिळायला हवं.

तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा, आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

पहिली, काय होतं. रंग, फेस, वास, स्पर्श, शेवट. बाटलीवरची तारीख आणि ती कुठे उघडली तेही. यात ‘चांगलं’, ‘वाईट’ नको. हा भाग वाचून बिअर कधी न चाखलेल्या माणसालाही ती समोर उभी राहिली पाहिजे.

दुसरी, ही बिअर जे व्हायला निघाली होती ते झाली का. केळं आणि लवंग एकमेकांना सांभाळतात का? मऊपणाला बुडबुड्यांनी उचलून धरलं का? गोड वाटूनही शेवट कोरडा झाला का? गढूळपणा, कडवटपणाचा अभाव आणि उंच फेस यांसाठी एकही गुण कापू नका. केळं इतकं वर आलं की चॉकलेट-गोळीसारखं वाटू लागलं, किंवा लवंगेने दवाखान्याची आठवण करून दिली, तर खुशाल कापा, कारण तिथे तोल गेला आहे.

तिसरी, तुमची आवड. ती लिहायला संकोचू नका, पण तिला आवडच म्हणा. ‘मला लवंग कमी चालते’ हे खरं वाक्य आहे. ‘लवंगेने बिअर बिघडवली’ हे वाक्य त्याच अनुभवातून आलेलं असलं तरी खोटं आहे, आणि ते वाचून कुणीतरी एका चांगल्या बाटलीकडे पाठ फिरवेल.

राहिलेले दोन घोट घ्या आणि तिन्ही भाग एकदा वाचून पाहा. ज्याला तुमच्यापेक्षा वेगळं आवडतं, त्यालाही तुमचा कागद वाचून ही बाटली घ्यावी की नाही हे ठरवता आलं पाहिजे. तसं ठरवता येत असेल तर तुमची नोंद नीट झाली. येत नसेल, तर पहिल्या भागात आणखी दोन ओळी दिसलेल्या-हुंगलेल्या गोष्टींच्या घाला, आणि मगच खाली गुण लिहा.